खोडरबरातलं ‘खोड’ कुठलं?

प्रश्न आला आहे: ‘रबर झाडाच्या खोडातून निघणाऱ्या चिकापासून होतं, म्हणून खोडरबर म्हणतात का?’

नाही. हे खोड ‘खोडणे’ या क्रियापदाचं आहे. पण शंका रास्त आहे. दोडामार्गाकडच्या रबराच्या बागांत पहाटे खोडाच्या सालीला तिरकी चीर देतात आणि खाली बांधलेल्या वाटीत पांढरा चीक ठिबकत राहतो. ते पाहिलेल्या माणसाला हाच अर्थ सुचणार. शिवाय खोडकिडा, खोडमाशी या शब्दांत झाडाचंच खोड आहे, म्हणजे नुसत्या रूपावरून निवाडा होत नाही. दप्तरातला जुना टीपकागद आठवा. टिपायचा कागद तो टीपकागद, ढकलायची गाडी ती ढकलगाडी, तसं खोडायचं रबर ते खोडरबर.

मला जास्त मोह पडतो तो ‘रबर’ या उरलेल्या अर्ध्याचा. इंग्रजीत ‘रब’ म्हणजे घासणे, आणि रबर म्हणजे घासून पुसणारं. १७७० साली जोसेफ प्रीस्टली यांनी (पुढे ऑक्सिजनमुळे प्रसिद्ध झाले तेच) लिहून ठेवलं की शिसपेन्सिलीच्या खुणा पुसायला एक पदार्थ फार उत्तम आहे आणि लंडनचे उपकरणविक्रेते एडवर्ड नेअर्न यांच्याकडे त्याचा साधारण अर्ध्या इंचाचा ठोकळा ३ शिलिंगला मिळतो. त्याआधी लोक पावाच्या चुऱ्याने पुसत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या पदार्थाला कामावरून नाव पडलं, आणि तेच नाव पुढे पदार्थालाच चिकटलं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली, रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं थांबलं, मग नळ्या आल्या, पट्टे आले, टायर आले. नाव मात्र पेन्सिलीच्या रेघेवरचंच राहिलं.

मराठीत हा शब्द रुळला तो पदार्थाचं नाव म्हणून. केसांचं रबर, कुकरचं रबर, रबरी चप्पल. यांत घासणं कुणाच्या कानाला जाणवतं? म्हणून मराठीला कामाचा शब्द पुढे पुन्हा जोडावा लागला. जे काम ‘रबर’मध्ये आधीच होतं, तेच ‘खोड’ने नव्याने सांगितलं.

आता एक बारकावा. खोडणे म्हणजे मुळात आडवी रेघ मारून रद्द करणे. खालचा मजकूर दिसत राहतो. खाडाखोड म्हणतो ती हीच. रबर तर पुसून टाकतं, तेव्हा काटेकोर शब्द ‘पुसरबर’ झाला असता. तरी मी खोडरबराच्याच बाजूचा आहे, कारण ‘ते खोड आणि नीट लिही’ असं घराघरांत म्हणतात तेव्हा पुसणंही त्यात येतंच.

आणि दुकानातली बरीच पांढरी खोडरबरं आता पीव्हीसीची, म्हणजे एका प्लास्टिकची असतात. त्यांत चिकाचा थेंबही नसतो, त्यामुळे झाडाच्या खोडावरून लावलेला अर्थ त्यांना लागूच पडत नाही. खोडण्यावरून लावलेला पडतो.