बावीस माणसं आणि एक टर्की

सलाम मावशी,

दारव्हा तालुक्यातलं लहानसं गाव आमचं. घरची सात एकर, कापूस आणि तूर. सासूबाई मार्चमध्ये गेल्या. त्यांच्याशिवायचा हा पहिला नाताळ. मी धाकटी सून, पण गावात राहतो आम्हीच, म्हणून सगळे इथेच येणार. मोजले तर बावीस भरतात. पुण्याच्या नणंदेनं व्हिडिओ पाठवलाय: यंदा प्रॉपर ख्रिसमस डिनर करू, टर्की नाही तर निदान रोस्ट, रात्री टेबल मांडून. भासरे म्हणतात, आईच्या हातचं असायचं तसं सावजी मटण झालंच पाहिजे. सासूबाईंनी मापानं कधी केलं नाही. भासरे मटण आणून द्यायचे आणि चुलीपाशी बसून राहायचे, मी मागच्या पडवीत भाकरी थापायची. मसाला मला कधी दिसलाच नाही. त्यात माझे माय-बाबा पहिल्यांदाच नाताळाला येतायत. ते माळकरी, लग्नाला सहा वर्षं झाली तरी हा दिवस टाळत होते. घरात ओव्हन नाही. हे म्हणतात, "तू बघून घे." मला रात्री झोप लागत नाही. मी कुणाचं ऐकू?

— धाकटी सून

पोरी, सलाम.

तुझं पत्र कापून छापलंय. मूळ पत्रात टर्की चारदा आहे आणि नवरा एकदाच, तोही "तू बघून घे" म्हणण्यापुरता. तिथूनच सुरुवात करू. कुणाचं ऐकू, असं विचारतेस. सगळ्यांचं ऐक, पण करायचं मात्र ज्याचं त्यानं. ज्याचा हट्ट, त्याच्या हातात झारा. तुझ्याकडे दोनच गोष्टी ठेव: कोणत्या वेळी काय होणार ते, आणि तुझ्या माय-बाबांचं ताट.

आधी वेळ. रात्रीचं डिनर काढून टाक. 24 च्या रात्री कॅरलवाले येणार, त्यांना चहा-चिवडा देता देता एक वाजणार. सकाळी उपासना. तिथून आल्यावर लेकरं भुकेली, म्हातारी माणसं थकलेली. त्यांना रात्री आठपर्यंत फराळावर ठेवायचं आणि मग थंडीत अंगणात बसवायचं, हे कशासाठी? दुपारी दोनला जेवण. उन्हात सतरंज्या टाका. नणंदेला टेबल हवंच असेल तर मिळेल तिथून मागून आणू दे आणि त्यावर गंज-पातेली मांडू दे, टेबल झालं. शिवाय दिवसाउजेडी लाइन गेली तरी कुणाचं अडत नाही.

मटणाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. सासूबाई मसाला भाजायच्या तेव्हा तू पडवीत होतीस, आणि भासरे चुलीपाशी. इतकी वर्षं तो माणूस तिथे बसून काय करत होता? खसखस कुठपर्यंत भाजायची, सुकं खोबरं किती काळं होऊ द्यायचं, दगडफूल आधी की नंतर, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय, नाकानं घेतलंय. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की त्याला येतं. मटण त्यांनी करावं. तू स्वतः सांगू नकोस, भावजयीनं भासऱ्यांना कामाला लावलं की आपल्याकडे घर गप्प होतं. नवऱ्याला सांगायला लाव. "तू बघून घे" म्हणणाऱ्याला एवढं तरी बघू दे. दोघं भाऊ मिळून करतील. तिखट जास्त झालं तर सावजी आहे म्हणायचं.

वाटण मात्र 23 लाच भाजून वाटून ठेवायचं, लाइनचा भरवसा नाही. खाटकाला आठ दिवस आधी सांगून ठेवा, 25 ला पहाटे त्याच्याकडे रांग असते. बावीसातले तुझे माय-बाबा आणि तिखट न खाणारी दोन-तीन लेकरं सोडली तर सतरा माणसं राहतात. माणशी पाव किलो हाडासकट, म्हणजे सव्वाचार किलो. साडेचार आणा. भावांपैकी एकानं सकाळी सहाला आणायचं, उपासनेला जायच्या आधी धुऊन, हळद-मीठ लावून फोडणीला टाकायचं, आणि एकानं घरी थांबायचं. हो, पुरुषानं. तू उपासनेला जा.

आदल्या रात्री शिजवून ठेवू का, असा विचार तुझ्या मनात येईल. माझ्या आला होता. लग्नानंतरचा दुसरा नाताळ, चौतीस माणसं, आणि सगळं एकटीनं करून दाखवायची हौस. 24 ला रात्री अकराला सहा किलोंचा रस्सा झाला. गंज चुलीवरच झाकून ठेवला, खाली निवा तसाच. वाटलं, सकाळी गरमच मिळेल. सकाळी झाकण काढलं तर वर फेस. रात्रभर कोमट राहिलं की मटण असंच आंबतं. त्यापेक्षा चांगलं उकळतं असतं किंवा पार थंड असतं तर वाचलं असतं. वावरात खड्डा खणून पुरलं. सासरे एक शब्द बोलले नाहीत, सायकल काढली आणि गावातली मिळतील तेवढी अंडी घेऊन आले. आमच्या घरात तो "अंड्यांचा नाताळ" म्हणून अजून निघतो, आणि मी बसल्या बसल्या चर्चमध्ये घोरले, तेही निघतं. तुझ्या फ्रिजमध्ये साडेचार किलोंचा गंज मावत असेल तर गोष्ट वेगळी. मावणार नाही.

आता टर्की. हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. युरोपात पोचला तो सोळाव्या शतकात, आणि इंग्रज लोकही नाताळाला आधी हंस भाजायचे. म्हणजे त्यांनीसुद्धा जे हाताशी होतं तेच ताटात घेतलं. आपल्या आठवडी बाजारात टर्की मिळायची नाही, आणि मिळाली तरी तो पाच-सहा किलोंचा पक्षी भाजणार कशात? नणंदेला रोस्ट हवाय ना, मग रोस्ट होऊ दे. व्हिडिओ तिनं पाठवलाय, कोंबडी तिनं करावी.

इथे सल्ला देणारी कुणीही लिहील की नणंदेला टर्की नकोच आहे, तिला आई हवी आहे. असेल. किंवा तिनं नुसता व्हिडिओ पाहिला असेल आणि आवडला असेल. मी तिला ओळखत नाही. तू ओळखतेस, तूच फोन कर. म्हण, "ताई, मला रोस्ट येत नाही, तुम्ही 23 ला या, तुमच्या हातानं करा." 23 ला आली तर दोघींना एक रात्र मिळेल, करंज्या भरता भरता जे बोलायचं ते बोलून होईल. 25 ला सकाळी पाहुण्यासारखी उतरली तर मात्र रोस्ट नाही, हे आत्ताच सांगून टाक.

ओव्हन नसला तरी अडत नाही. गावरान कोंबडी घेऊ नका, तिला चव आहे पण ती चिवट, रश्श्यात तासभर रटरटली तरच मऊ होते. रोस्टला ब्रॉयलर घ्या, साफ करून सव्वा-दीड किलोच्या दोन अख्ख्या. मांडीला आणि छातीला खोल चिरा द्यायच्या, दही, आलं-लसूण, लिंबू, मीठ, भरपूर मिरपूड चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी जाड बुडाच्या गंजात तेल तापवून सगळ्या बाजूंनी लालसर परतायच्या, मग खाली अर्धे चिरलेले आलू पसरून त्यावर कोंबडी, घट्ट झाकण, चुलीत मंद जाळ आणि झाकणावर निखारे. वरून-खालून आच मिळाली की तोच तुमचा ओव्हन. तास-सव्वा तासानं मांडीच्या जाड भागात सुरी खुपसून बघा, पाणी गुलाबी निघालं तर अजून ठेवा, स्वच्छ निघालं तर झाली. आलूंना जी चव येते ती टर्कीवाल्यांनी बघावी. तिखट न खाणाऱ्या लेकरांचीही सोय झाली.

माझं सगळं लक्ष खरं तर तुझ्या माय-बाबांवर आहे. सहा वर्षं टाळलेल्या दिवशी ते येतायत. ते कशानं वळले, हे तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. पण त्यांच्यासाठी काय करू म्हणून अंदाज बांधत बसू नकोस. मायला फोन लावून सरळ विचार: "माय, तुझ्यासाठी कोणत्या भांड्यात करू? कांदा-लसूण चालेल का?" माळकऱ्यांतही घरोघरी रीत वेगळी असते. आणि कालनिर्णय उघडून बघ, 25 ला एकादशी किंवा मार्गशीर्षातला गुरुवार तर येत नाही ना. आला तर सगळा बेतच बदलतो, आणि तो तुला 24 ला रात्री कळायला नको.

त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि सगळ्यात आधी. पण तो फक्त त्यांचाच नको. कोपऱ्यात दोन ताटं वेगळी मांडलीस तर ते जेवतील, पण पुढच्या वर्षी येणार नाहीत. शाकाहारी बेत असा कर की मटण खाणाऱ्यांनीही आधी त्यावर हात मारावा. डिसेंबरात आपल्या वावरात काय कमी आहे? तुरीच्या शेंगा भरल्यात, सोले-वांगे कर. मोठी भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून भरीत, वरून सांबार (कोथिंबीर) आणि कच्चं तेल. कांद्याचं माय सांगेल तसं. हरभऱ्याची कोवळी पानं मिळाली तर भाजी. पुरणपोळी तूच कर, सहा वर्षांत जावयाच्या घरी पहिल्यांदा नाताळाचं गोड खातायत ते. वाढताना पहिली वाटी त्यांना, आणि त्यांच्या शेजारी भासऱ्यांना बसव. मटणाचा गंज दुसऱ्या टोकाला.

भात पावणेदोन किलो पुरे. भाकरी-पोळ्या तू थापत बसू नकोस, गेली कित्येक वर्षं तेच केलंस. गावात पालथ्या मडक्यावर मांडे करणारी कुणी बाई असेलच. मात्र सध्या वेचणी चालू आहे आणि बाया किलोनं वेचतात, अर्धा दिवस तुझ्याकडे आली तर तिचा तेवढा कापूस राहतो. तिला आत्ताच सांग आणि वेचणीत जेवढे सुटले असते त्यापेक्षा वरचढ पैसे दे. जेवायला तर बसवशीलच.

जेवणानंतर भजन होतंच तुमच्याकडे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची जी गाणी लिहिली ती अभंगाच्या, भजनाच्या वळणाची, आपल्या मंडळ्यांमध्ये ती अजून म्हणतात. तुझे बाबा वारकरी असतील तर टाळ त्यांच्या हाताला सवयीचा. घरात टाळ आहेत ना? पाहुणे यायच्या आधी शोधून ठेव, बाबांसमोर आणून ठेव, आग्रह करू नकोस.

केक राहिला. माझं मत आहे की बिनअंड्याचाच कर, म्हणजे कापलेल्या केकचा तुकडा सगळ्यांना एकाच ताटातून जातो. रमही नको. मनुका, काळ्या मनुका, टुटीफ्रुटी मिळून एक वाटी संत्र्याच्या रसात दोन दिवस फ्रिजमध्ये भिजव. मैदा दोन वाट्या, पिठीसाखर एक, दही एक, तेल अर्धी, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. दोन चमचे साखर काळपट लाल होईपर्यंत जाळून तिच्यात जपून गरम पाणी घाल, रंग तिनं येतो. फळं मैद्यात घोळवून टाक, नाही तर बुडाशी बसतात. जुन्या कुकरची शिटी आणि रबर काढ, तळाला वाळू, वर जाळी, दहा मिनिटं तापव, मग डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास. पहिली पस्तीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, सासूबाई स्वर्गातून म्हणाल्या तरी. बावीस माणसांना असे दोन लागतील, 22 तारखेला करून ठेव. सिलिंडर भरलेला आहे का तेही त्याच्या आधी बघ.

पण एक लहानसा केक याच आठवड्यात करून बघ, वाळूचा अंदाज येतो. मधोमध बसला तर सोडा जास्त पडला किंवा झाकण लवकर उघडलंस, मला कळव. आणि घरात संत्री सोलत असतील तर सालं टाकू देऊ नकोस. आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढ, तो कडू लागतो, आणि उरलेली सालं छतावर तीन-चार दिवस वाळव. कुटून चमचाभर केकमध्ये टाकलीस की घरभर वास सुटतो. ऊन चांगलं आहे, आजच टाक.

— तुझी मावशी