एफडी मोडा, पण या जूनमध्ये नको

साताऱ्याच्या एका ताईंनी पुण्याहून लिहिलंय. वय 30, बी.ए. मानसशास्त्र, सात वर्षं नोकरी, पगार हातात 46,000. खोली, मेस, वरखर्च 18,000, आईवडिलांना 10,000, शिल्लक 18,000. लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेली 7 लाखांची एफडी आहे. नोकरी सोडून खासगी विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. करायचंय, दोन वर्षांची फी 4,20,000. विचारतात, ‘एफडी मोडून उरलेल्याला शैक्षणिक कर्ज काढू का?’

ताई, शिकायचंच. तीस हे काही उशिराचं वय नाही, आणि माणसांचं ऐकून घेणाऱ्या माणसांची आपल्याकडे फार गरज आहे. माझी अडचण फक्त या वर्षाशी आणि या फीशी आहे.

दोन वर्षांचा आकडा तुम्ही फक्त फीचा दिलाय. पण दोन वर्षं जेवायचंही आहे. फी 4,20,000, तुमचा खर्च 4,32,000, घरी पाठवायचे 2,40,000, झाले 10,92,000. एफडी संपून वर जवळपास 4 लाखांचं कर्ज. 10.5 टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 8,600. एम.ए. झाल्यावर शाळेत किंवा संस्थेत समुपदेशक म्हणून लागलात तर सुरुवातीला मी 25,000 धरते. हप्ता आणि घरचे पैसे गेले की हातात 6,400. त्यात पुण्यात राहणार कशा? कर्ज देणारे 80ई ची, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत सांगतील. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि वर्षाला 3 लाख कमावणाऱ्याला मुळात करच लागत नाही.

स्वतःची प्रॅक्टिस? आठवड्याला 12 सत्रं, प्रत्येकी 800, म्हणजे महिन्याला 38,400. पाचातलं एक सत्र ऐनवेळी रद्द होतं असं धरा, राहिले 30,720. खोलीचं भाडं 9,000, सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घेण्याचे 3,000. उरले 18,720. आणि आठवड्याला 12 माणसं नियमित यायला लागेपर्यंतच वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ आहे म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेनं मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमावरच मिळते. इतकी वर्षं एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल. ही नेहमीची वाट होती. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एम.फिल.च बंद केलं. या विषयाला 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. परिषदेनं आता एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) असे नवे अभ्यासक्रम आणलेत. पण त्याच नावाचं, मान्यता नसलेलं एम.ए. शेजारच्याच कॉलेजात असू शकतं. माहितीपत्रकावर जाऊ नका. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत कॉलेज, अभ्यासक्रम आणि वर्ष तिन्ही जुळतंय का बघा, मगच पैसे भरा.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणानं करावं असंही मनात येईल. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत. कुणी तरीही देऊ करत असेल तर उठून या.

मी काय करीन? आणखी एक वर्ष नोकरी. त्यात 2,16,000 साठतील. प्रवेश परीक्षेची तयारी करून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठासारख्या सरकारी ठिकाणी प्रयत्न. तिथली फी खासगीच्या मानानं फारच कमी; दोन वर्षांचे 60,000 धरले तर एकूण खर्च 7,32,000. एफडी आणि वर्षाची शिल्लक मिळून 9,16,000. म्हणजे कर्ज शून्य, वर साडेसहा महिन्यांचा खर्च हाताशी. तिथलं एम.ए. समुपदेशनाकडे नेणारं असेल तर तेही पूर्ण काम आहे, दुय्यम नाही. मान्यताप्राप्त क्लिनिकलची जागा मिळाली आणि फी जास्त असली, तर मात्र मला पुन्हा लिहा. त्या जागेसाठी थोडं कर्ज काढायला मी हो म्हणेन.

आईवडील तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर नोकरीसोबत ते कवच जातं. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनामा देण्याआधी एचआरकडे त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागा, आणि ती हातात आल्यावरच राजीनाम्याचा मेल पाठवा.