रेड राहू द्या, आधी बाटलीवरचं साल बघा

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं. कोल्हापूरहून भाऊ-वहिनी दिवाळीनंतर येणार, दोघांनी कधी वाईन घेतलेली नाही, "नाशिकला येतोय म्हणजे पाजायलाच पाहिजे" हा त्यांचा हट्ट, आणि तुम्ही स्वतः एकदाच रेड प्यायलात ती तुरट लागून बेसिनमध्ये ओतलीत. बजेट १००० रुपयांपर्यंत, तर कोणती वाईन घ्यावी, हा तुमचा प्रश्न. हुबेहूब माझीच गोष्ट, फक्त माझ्याकडे सांगलीचे साडू होते आणि मे महिना होता.

आधीच सांगतो, मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही आणि जाणकार वगैरेही नाही. सातपूरला नोकरी करणारा, शनिवारी एखादा ग्लास घेणारा.

२०१७ सालची गोष्ट. साडूंवर छाप पाडायची म्हणून मी दुकानात गेलो. एक महागडी रेड घेतली आणि शोकेसमध्ये उभी असलेली एक शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाईन. तिच्यावर सूट होती. लेबलवर २०१२ लिहिलेलं होतं. मी विचारलं, जुनी नाही का? काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, वाईन जेवढी जुनी तेवढी भारी." आणि मी नाशिकचा असून मान डोलावली! घरी उघडली तर रंग फिक्या पिवळ्याऐवजी काळपट सोनेरी, आणि वास सफरचंद कापून तासभर ताटात ठेवल्यावर येतो तसा. साडूंनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही नाशिककर हेच पिता होय?" ते अजून दर लग्नात ऐकवतात.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दुकानात गेलो. सील फुटलंय, परत घेणार नाही. अहो, सील न फोडता कळणार कसं? कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल टाकला, तर वीस दिवसांनी उत्तर आलं की वाईन थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. मला सांगतात! तीन उन्हाळे ती काचेमागे उभी होती ती माझ्या घरात नव्हे. पैशांपेक्षा या उत्तराचा राग जास्त आला. असो.

तर मुद्दा. आपल्याकडे ज्या दुकानावर 'वाईन शॉप' अशी पाटी असते तिथे सगळ्यात कमी खपते ती वाईनच. व्हिस्की-बिअर रोज फिरते, वाईन कोपऱ्यात धूळ खाते. आणि लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. आपल्या भागात तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. हलकी पांढरी वाईन आणि रोझे (गुलाबी वाईन) ताजीच प्यायची असते, मुरवायची नसते. दिवाळीनंतर घेताय तर यंदाचं किंवा फार तर गेल्या वर्षीचं साल बघा. त्याहून जुनी फुकट दिली तरी नको, हे माझं मत. उन्हात उभी असलेली बाटलीही नको. जमलं तर सरळ गंगापूर धरणाकडे एखाद्या वायनरीत जा, चार घोट चाखा आणि आवडेल ती तिथूनच घ्या. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखू नये.

कोणती? शेनिन ब्लाँ. शक्यतो थोडी गोडसर. पेरू-अननसासारखा वास येतो, नवख्या माणसाला पहिल्याच घोटात घाबरवत नाही. सोविन्यों ब्लाँ ही दुसरी पांढरी मला स्वतःला आवडते, पण तिला चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा वास असतो. वहिनी नाक मुरडतील असं वाटतं. लेबलवर 'लेट हार्वेस्ट' दिसलं तर ती चांगलीच गोड असते, जेवणानंतर घ्यायची. 'पोर्ट' म्हणून जी गोड रेड मिळते तिच्या वाटेला जाऊ नका, सकाळी डोकं धरून बसाल (यावर इथे वाद होईल, होऊ दे).

तुम्ही ओतलीत ती रेड बहुतेक खराब नव्हती. रेडमध्ये रस सालीबियांसकट आंबवतात, तुरटपणा तिथून येतो. चहा फार उकळला की जीभ आवळते ना, तसंच. पांढरीत साली आधीच बाजूला काढतात. त्यात तुम्ही लिहिलंय की जेवायला काळ्या मसाल्याचा कोंबडीचा रस्सा. रेडबरोबर तो रस्सा दुप्पट झोंबेल. थोडी गोडसर, गार शेनिन त्याला सांभाळून घेते. कोल्हापूरकरांना तिखटाची काळजी नाही म्हणा, पण घशाखाली उतरायला तर हवं!

गार म्हणजे फ्रीजमध्ये किमान दोन-तीन तास. फ्रीजरमध्ये घाईने टाकून विसरू नका, माझ्या मेहुणीने एकदा फोडलीय. बर्फ घालू नका असं जाणकार म्हणतात. भावाने मागितला तर मुकाट्याने द्या. पेले काचेचे घ्या, स्टीलचे नकोत. आणि अर्धाच भरा, ऊसाचा रस नाही तो. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालते.

कुणाची गोळ्या-औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

आणि एक, बाटली पाहुण्यांसमोर उघडण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः एक घोट घेऊन बघा. मी हल्ली घेतो. बायको म्हणते, घोट जरा मोठाच असतो.