वाचकांचे प्रश्न : सामन्याआधीचा ‘62’ कसा वाचायचा?

प्रश्न (निपाणी) : काउंटर-स्ट्राइक या दोन संघांच्या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या ‘बेस्ट ऑफ थ्री’ सामन्याआधी (तीनपैकी दोन मॅप, म्हणजे खेळातली मैदानं, जिंकायची) प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे निकालांवर पैसे लावायच्या बाजारात, एका संघापुढे 62 सेंट होते, दुसऱ्यापुढे 38. 62 वाला संघ 0-2 हरला. मग हा आकडा सांगतो तरी काय?

उत्तर : तिथे ‘हा संघ जिंकेल’ असा करार विकला जातो. संघ जिंकला तर त्या कराराचा 1 डॉलर मिळतो, हरला तर काहीच नाही. म्हणून 62 सेंट म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या लेखी जिंकण्याची शक्यता साधारण 62 टक्के. असे 100 सामने झाले तर साधारण 38 हरायचेच, त्यातला एक तुम्ही पाहिलात. 60 ते 65 भावाचे शे-दोनशे सामने वहीत मांडा आणि त्यातले किती जिंकले ते मोजा. बाजार बरा की वाईट ते त्यावरूनच कळेल.

ठळक दिसणारा आकडा मात्र तपासून घ्या. तो बऱ्याचदा नुसता मधला भाव असतो. ऑर्डर बुक (घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मागण्यांची यादी) उघडलं की खरं दिसतं : घेणारा 60 देतोय, विकणारा 64 मागतोय. बेळगावच्या मार्केट यार्डात बटाट्याला घेणाऱ्याचा भाव एक आणि विकणाऱ्याचा दुसरा, तसंच. त्यातही 64 ला फक्त 150 करार आणि पुढचे थेट 70 ला असतील, तर 400 करार घेणाऱ्याला सरासरी 67.75 पडतात. एवढ्याशा खरेदीनं भाव हलत असेल तर त्या 62 मागे फारशी माणसं नाहीत. लहान स्पर्धांत हे नेहमीचंच.

बुकीचे (पैजा घेणाऱ्याचे) 1.55 आणि 2.40 हे भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एकामागे परत मिळणारी रक्कम, वेगळ्या रीतीनं वाचायचे. 1 ला भावानं भागा : 64.5 आणि 41.7 टक्के. बेरीज 106.2 होते, कारण वरचे 6 बुकीचे. 64.5 ला 106.2 नं भागलं की 60.7 टक्के उरतात.

प्रश्न (खानापूर) : एका मॅपचा भाव 60 आणि पूर्ण सामन्याचा 65. यात चूक आहे का?

उत्तर : नाही. दोन्ही मॅप सरळ जिंकण्याची शक्यता 0.6 × 0.6 = 36 टक्के. एक हरून 2-1 नं जिंकण्याची 28.8. मिळून 64.8. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये हीच 68 पर्यंत जाते; सामना लांबला की सरस संघाचं पारडं जड होतं.

पण प्रत्येक मॅपवर 60 धरणं हीच मोठी गफलत. सात मॅपांतून दोन्ही संघ एकेक काढतात, एकेक निवडतात, पुन्हा एकेक काढतात, उरलेला तिसरा. प्रतिस्पर्ध्याचा हुकमी मॅप आत राहिला तर गणितच बदलतं. म्हणून व्हेटोआधीचा (मॅप काढण्या-निवडण्याच्या या फेरीआधीचा) भाव आणि नंतरचा भाव वेगवेगळे लिहून ठेवा.

प्रश्न (चिकोडी) : इथून पैसे लावता येतील?

उत्तर : नाही. केंद्राच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली, पण पैसे लावून खेळवायला बंदी घातली. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाला आपलं बँक खातं वापरायला मुळीच देऊ नका. भाव वाचायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : स्क्रीनवर राउंड संपायच्या आतच भाव कसा पळतो?

उत्तर : प्रक्षेपण मुद्दाम उशिरा सोडतात, नाहीतर खेळाडूंना विरोधकांच्या जागा बाहेरून कळतील. ज्याच्याकडे आधी माहिती पोचते तो आधी भाव हलवतो. मध्यंतराला 8-4 दिसलं तर आघाडीवरचा संघ कुठल्या बाजूनं खेळत होता ते आधी बघा. बचावाला सोप्या मॅपवर बचाव करत मिळवलेले 8 फार नव्हेत. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे मॅप जिंकायला लागणारे 13 गाठायला अजून 5 राउंड हवेत, तेही हल्ला करून.