लपवलेला संधिवात आणि 19 लाखांची गॅरंटी

पत्र : मी लातूरची, वय 36. शाळांच्या भिंती रंगवते, तैलरंगात पोर्ट्रेट करते, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. सहा वर्षांपासून संधिवात आहे. दुखणं उठलं की सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नाही, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून धरावा लागतो, आणि तीन-चार आठवडे काम बंद. वर्षातून तीनदा तरी हे होतं. घरी आई आणि नववीतली मुलगी. एका शिक्षण संस्थेच्या कामाचे 6 लाख रुपये नुकतेच हातात आले. बँकेतले साहेब म्हणतात, वर्षाला 1 लाख असे 10 वर्षं भरा, विसाव्या वर्षाअखेर 19 लाखांची गॅरंटी. घेऊ का? आरोग्य विमा गेल्या मार्चमध्येच काढलाय, 10 लाखांचा. एजंट ओळखीचे आहेत. संधिवाताचं फॉर्मवर लिहू नका म्हणाले, त्यामुळे हप्ताही कमी बसला. यंदा संधिवाताच्या मेथोट्रेक्झेट गोळ्या लागू पडल्यात, महिन्याला 50 हजार सहज सुटतील असं वाटतं.

उत्तर : ताई, साहेबांना सरळ नाही म्हणून सांगा. त्याचा हिशोब पुढे देतो, तो दोन मिनिटांचा आहे. मला काळजी लागली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एजंटच्या वाक्याची.

तुमच्याकडे आज 10 लाखांचा विमा आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तो नाही असंच समजा. दवाखान्यात भरती झालात की डॉक्टर पहिल्यांदा जुना आजार विचारतात, आणि तुम्ही खरं सांगणार. सांगायलाच हवं, कारण औषधं त्यावर ठरतात. डिस्चार्ज कार्डावर वरच्याच ओळीत येतं : सहा वर्षांपासून संधिवात, मेथोट्रेक्झेट चालू. क्लेमसोबत तेच कार्ड विमा कंपनीकडे जातं. पॉलिसी निघून वर्षच झालेलं, आजार सहा वर्षांचा. कंपनीला शोधायला कुठं जायची गरजच पडत नाही. क्लेम नाकारतील, पॉलिसीही रद्द करू शकतील. पुढे दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न असतो, याआधी तुमची पॉलिसी कुणी रद्द केली होती का? तिथंही अडकाल.

सांध्यांसाठी कुठं ॲडमिट व्हावं लागतंय, असं एजंट म्हणतील. मेथोट्रेक्झेट प्रतिकारशक्ती दाबतं. रक्तावर आणि लिव्हरवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ते घेणाऱ्याला ठरावीक काळानं रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या करायला लावतात. उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस आयसीयूत काढावे लागले, तर त्याचा संबंध या गोळ्यांशी जोडणं कुणालाही सोपं आहे.

पाच वर्षं निघाली की कुणी विचारत नाही, हाही एजंटांच्या तोंडचा एक ठेवणीतला डायलॉग. नियम खरा आहे : पॉलिसी सलग 60 महिने चालली की माहिती लपवली म्हणून कंपनीला हरकत घेता येत नाही. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि तुमची अजून चार वर्षं जायची आहेत. वर्षाला तीन वेळा दुखणं उठणाऱ्या माणसानं चार वर्षं काही होणार नाही या भरवशावर काढायची, हा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

मला राग येतो तो यासाठी की लपवायची गरजच नव्हती. 2024 पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्याचा क्लेम मिळू लागेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त 3 वर्षांची. खरं लिहिलं असतं तर कदाचित हप्ता थोडा चढा लागला असता आणि एव्हाना त्यातलं एक वर्ष सरलंही असतं. फॉर्म एजंटनी भरला असेल, पण खाली सही तुमची आहे.

आता करायचं काय? पॉलिसी स्वतःहून बंद करू नका. विमा कंपनीला पत्र आणि ईमेल दोन्ही करा : आजार कधी निघाला, गोळ्या कोणत्या, फॉर्मवर राहून गेलं ते आता कळवत आहे. प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट जोडा, पोच घ्या. एजंटच्या हाती देऊ नका. कंपनी हप्ता वाढवेल, संधिवाताला प्रतीक्षा लावेल, किंवा पॉलिसी रद्दही करेल. रद्द झालीच तर दुसरीकडे सगळं खरं लिहून अर्ज करायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, वाढीव हप्त्याला तेवढाच टेकू.

तोवर घर उघड्यावर नको. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या दवाखान्यात होतात. रेशनकार्डावर तुमचं, आईचं आणि मुलीचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते याच आठवड्यात बघा. दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा टेबल असतो, कोणते उपचार बसतात ते तिथं विचारून या.

आता 50 हजारांचं. ताई, तुम्ही बारा महिने धरलेत. तीन महिने दुखण्यात जातात हे तुम्हीच लिहिलंय. 9 गुणिले 50, साडेचार लाख. त्यातून रंग, कॅनव्हास, शिडीवरच्या पोराची मजुरी असे 90 हजार तरी जातील. उरले 3 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला 30 हजार. घर, मुलीची शाळा, गोळ्या-तपासण्या आणि विमा मिळून 26 हजार धरा. वर्षाकाठी शिल्लक 50 हजारांच्या आत. त्यात वर्षाला 1 लाखाचा हप्ता बसवणारा माणूस तुमचं उत्पन्न विचारतच नाही. गोळ्या लागू पडल्या याचा मला आनंद आहे, पण एका बऱ्या वर्षावर दहा वर्षांचं बंधन घेऊ नका.

आणि ती गॅरंटी? 10 लाखांचे 19 लाख ऐकायला दुप्पट वाटतात. वर्षाला सव्वाचार टक्के पडतात. तेच पैसे तेवढीच वर्षं पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, साडेएकोणतीस लाखांच्या आसपास. दहा लाखांचा फरक तुमच्या खिशातून जातो. मधेच हप्ते थांबले तर भरलेल्यातलाही मोठा तुकडा कापला जातो.

6 लाखांतले अडीच लाख आजारपणाचे म्हणून बाजूला काढा. विमा बहुतेक भरती झाल्यावरच देतो; ओपीडी, तपासण्या, बंद पडलेलं काम हे सगळं तुमच्याच अंगावर. सोयाबीन मोंढ्यावर गेलं की त्या पैशात पुढचं पीक येईस्तोवर घर ओढायचं असतं हे आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात शिकवावं लागत नाही, तुमचंही तसंच आहे. 25-25 हजारांच्या दहा एफडी करा. एक मोडली तर बाकीच्यांना धक्का नाही. बँकेतच करा. पतसंस्थेत 12 टक्के मिळतात म्हणून जाऊ नका; बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेत ते नसतं. बीड-संभाजीनगरकडं पतसंस्थांत पैसे अडकलेल्या ठेवीदारांचे हाल तुम्ही वाचलेच असतील.

पीपीएफमध्ये यंदा दीड लाख घाला, पुढच्या वर्षी जमेल तसं. वर्षाला 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, आजारी वर्षात हे फार उपयोगी पडतं. बाकीच्या पैशांना सध्या हात लावू नका, विमा कंपनीचं उत्तर येऊ दे.

कामाचंही एक. इसार घेतल्याशिवाय भिंतीला शिडी लावू नका, निम्मी रक्कम आधी. शाळा उघडायच्या आत संपवायची म्हणून मे महिन्यात तीन-तीन भिंती एकदम घेत असाल, तर मधे दुखणं उठल्यावर तिन्ही लटकतील. एकेक घ्या आणि तारखेत तीन आठवडे सैल ठेवा.

नूतनीकरण मार्चमध्ये असेल. पत्र त्याआधी, या महिन्यातच जाऊ द्या, आणि कंपनीचं उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा. उरलेल्या 2 लाखांचं त्यावरून ठरवू.