मुलाखतीत आधीचा पगार विचारला तर फुगवून सांगावा का?

तुमचं सध्याचं पॅकेज ५ लाख आहे, नागपुरातल्याच एका कंपनीच्या एचआरने फोनवर पहिलाच प्रश्न 'करंट सीटीसी किती?' (म्हणजे सध्याची कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करते) असा विचारला, आणि मित्र म्हणतो ७ सांग. माझं मत विचाराल तर आकडा फुगवू नका. पण ५ म्हणून मोकळेही होऊ नका.

मी इथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मुलाखती घेतो. फुगवलेला आकडा कागदांपुढे टिकत नाही. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मागतात, काही ठिकाणी बँक स्टेटमेंटही. यातली बरीच तपासणी तुम्ही राजीनामा दिल्यावर होते. तेव्हा खोटं उघडं पडलं तर जुनी नोकरी सुटलेली आणि नवी हातची गेलेली.

तरीही तुमच्या मित्राला मी दोष देत नाही. अविश्वासाची सुरुवात बहुतेकदा कंपनीच करते. त्या जागेचं बजेट त्यांच्याकडे आधीच ठरलेलं असतं. ते झाकून ठेवायचं, तुमच्या स्लिपा मात्र मागायच्या आणि जुन्या पगारावर ठरावीक टक्के चढवून ऑफर काढायची. कॅम्पसमधून ३ लाखांवर लागलेली मुलगी मग कितीही चांगलं काम करो, प्रत्येक नोकरीत त्या ३ लाखांचीच शिक्षा भोगते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या निर्देशातही तीच तरतूद आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून आपली बाजू आपणच मांडायची.

नागपुरात आणखी एक गोष्ट ऐकावी लागते. 'घर इथलंच ना? भाडं नाही, मेस नाही, मग पुण्याचा आकडा कशाला?' पॅनलवर बसून मी हे ऐकलंय आणि दर वेळी मला राग येतो. क्लायंट तोच, कोड तोच, रात्री क्लायंटची चालू सिस्टीम बंद पडली की उठायचंही तसंच. मुलगा आईच्या हातचं जेवतो, त्यात कंपनीचा काय हिस्सा? असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, 'मी कामाचा पगार मागतोय, राहणीमानाचा नाही.'

फोनवर एवढंच बोला: 'या जागेचं बजेट काय आहे? माझी अपेक्षा ८ लाखांची आहे, ती त्यात बसते का?' अपेक्षा सांगताना तिच्यामागचं काम सांगा, म्हणजे कोणतं मॉड्यूल एकट्याने सांभाळता, कोणाला शिकवता. फारच अडून बसले तर खरा आकडा द्या, पण लगेच म्हणा की अपेक्षा त्यावरून ठरवलेली नाही. मी पाहिलंय, असं सरळ बोलणाऱ्याशी एचआरही सरळ बोलायला लागते.

आणि ८ लाख म्हणजे काय, हे ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर बघा. समजा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के आहे, तर ८० हजार बाजूला गेले. ते कंपनीच्या मर्जीने, वर्षाअखेरीस. बेसिक (मूळ पगार) निम्मा, म्हणजे ४ लाख धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४८ हजार, ग्रॅच्युइटी साधारण १९ हजार. हे दोन्ही तुमच्या सीटीसीतूनच, आणि पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटी सहसा सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. उरलेल्याला १२ ने भागा, तुमच्या वाट्याचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स वजा करा. खात्यात साधारण ५० हजार येतील. ८ लाखांना १२ ने भागून ६६ हजारांची स्वप्नं बघणारे पहिल्या पगाराला फसल्यासारखे होतात. म्हणून बोलणी 'फिक्स्ड किती' यावर करा.

ऑफर हातात ठेवून नोटीसच्या ९० दिवसांत दुसरी शोधली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. ९० दिवस माणसाला अडकवून ठेवलं की तो शोधणारच, आणि कंपन्यांनीही ऐन वेळी ऑफर मागे घेतल्याचं सगळ्यांनी पाहिलंय. शोधा. पण मन बदललं तर त्याच दिवशी मेल करा, जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसू नका. तुमच्यासाठी ज्यांनी दुसऱ्या उमेदवाराला नाही म्हटलं, त्यांना निदान त्याला परत बोलावता येईल.