आधी खुर्च्या उतरव, मग उत्सव बघ

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की हे दोन ओळीत उरकणार नाही, म्हणून पत्रच लिहितोय. नव्या जागी येऊन तुला सात महिने झाले, शनिवारी गल्लीचा उत्सव आहे, सगळे म्हणतायत धमाल असते, आणि तुझं आपलं एकच, "काका, मी कुणालाच ओळखत नाही, जाऊन करू काय? एक चक्कर मारेन, चार फोटो काढेन आणि येईन परत."

अगं, अगदी हेच मी केलं होतं. तेविशीत असताना. इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून ऐन गर्दीच्या वेळेला पोचलो, एका खांबाला टेकून दोन तास उभा राहिलो, समोर नाचगाणी जोरात आणि मी आपला चुकून भलत्याच लग्नात शिरल्यासारखा. घरी आलो तेव्हा वाटलं, सगळ्यांना मजा येते आणि आपल्याला येत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलेलं असणार.

पुढच्या वर्षी जायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. पण आदल्या संध्याकाळी ऑफिसातून परत येताना शिडीवरून एक माणूस ओरडला, "ओ भाऊ, जरा शिडी धरता का, हलतेय." धरली. तो वर दिव्यांची माळ लावत होता आणि माळ काही पेटेना, जुनी माळ ती, एक बल्ब गेला की सगळा अंधार. मग तो एकेक बल्ब काढून खाली देणार, मी पिशवीतला नवा वर देणार, तो लावून बघणार, नाही पेटली की परत जुना लावणार आणि पुढचा काढणार. एका हाताने शिडी, दुसऱ्या हातात बल्ब, मान वर करून करून अवघडली. अर्ध्या तासाने कितव्यातरी बल्बला माळ झक्कन पेटली आणि आजूबाजूला जेवढी टाळकी होती ती सगळी एकदम ओरडली. तेव्हा कुठे त्याने माझं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी तीच गल्ली, तशीच गर्दी, पण पाचसहा जण हाका मारत होते आणि मी येईल त्याला ती माळ दाखवत होतो, जणू विजेचा शोध मीच लावलाय.

तर तू शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस, दुपारीच जा. जिथे टेम्पोतून खुर्च्या उतरतायत तिथे जाऊन सरळ विचार, "मी काय करू?" लक्षात ठेव, "मदत करू का" असं विचारायचं नाही, त्यावर लोक हमखास "नको नको, राहू दे" म्हणतात आणि तू लगेच सुटल्यासारखी घरी येशील, ओळखतो मी तुला. (घडीच्या खुर्च्या असतील तर बिजागरीत बोट घालू नकोस, नख काळं पडतं, महिनाभर दिसतं.)

माईक, स्टेज, सूत्रसंचालन असल्या कामांच्या नादी लागू नकोस, तिथे आधीच भांडणं असतात. पाण्याचं टेबल मिळालं तर सोडू नकोस. तहान सगळ्यांनाच लागते, म्हणजे अख्खी गल्ली तुझ्यासमोरून जाणार, आणि बोलणं दोन वाक्यांचंच, "थंड देऊ की साधं?" एवढ्यावर भागतं, त्यामुळे तुझ्यासारख्या अबोल माणसाला एकदम सोयीचं. किंवा लहान मुलांच्या स्पर्धेची नावं लिहून घ्यायला बस. पोरांना तू लक्षात राहतेस, आणि पोरांना कळलं की आईबापांना कळतंच.

तुला वाटेल असल्या तोंडओळखींनी काय होणार. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की या नोकरीची खबर कुणाकडून लागली, तर बऱ्याच जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्या साध्या ओळखीच्या माणसाकडून लागलेली निघाली. १९७३ साली त्याने यावर लेख लिहिला, तो आजही सांगतात. कारण सोपं आहे, जवळच्या मित्रांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आणि नोकरीचं सोड, घराची किल्ली आत राहिली आणि दार लागलं तर रात्री अकराला बेल कुणाची वाजवणार आहेस?

मग संध्याकाळी नाचायचंय. हो, नाचायचंय. येत नाही वगैरे मला सांगू नकोस, कडेच्या रांगेत शिर आणि पुढच्याचे पाय बघ. ऑक्सफर्डला रोइंगच्या, म्हणजे होडी वल्हवणाऱ्या, खेळाडूंवर एक प्रयोग झाला, तो २०१० मध्ये छापून आला, तोच व्यायाम एकट्याने केल्यावर आणि टीमबरोबर एका लयीत केल्यावर वेदना किती सहन होतात ते मोजलं, तर सगळ्यांबरोबर केल्यावर जास्त सहन झाल्या. मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं रसायन, जास्त सुटत असावं असं त्यांचं म्हणणं. मला यातलं फार कळत नाही, पण चाळिशीनंतर माझा गुडघा नाचताना कधीच दुखला नाही, दुसऱ्या दिवशी मात्र दुखला.

स्पीकरच्या समोर उभी राहू नकोस एवढं ऐक. ८५ डेसिबल आवाज कानांना आठ तास चालतो असं धरतात, पण दर ३ डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजतेय म्हणजे जास्त झालंय. चार पावलं मागे सरकलीस तरी फरक पडतो, आणि कानात घालायचे फोमचे बोळे खिशात असले तर कुणी हसत नाही, हसले तर हसू दे. गर्दीत आपण चालतोय की ढकलले जातोय असा प्रश्न पडला की लगेच कडेला निघायचं, समोरून रेटायचं नाही, तिरकं तिरकं सरकत. मैत्रीण येणार असेल तर भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा, गर्दीत फोन लागेलच असं नाही.

आणि मध्येच कंटाळा आला तर अर्धा तास घरी जाऊन पड, कुणी हजेरी घेत नाहीये. फक्त शेवटाला परत ये. खरी मजा मला विचारशील तर गाणी बंद झाल्यावर असते, आवाज बसलेले, पाय दुखतायत, कोण पडलं, कोण रुसलं, कुणाचा नाच बघण्यासारखा होता, हे सगळं खुर्च्या रचता रचता निघतं. तेव्हा ऐकलेल्या गोष्टी दिवसभर कुणी सांगत नाही.

खुर्च्या मोजताना तीनचार कमी भरतील, दरवर्षी भरतात. कुणीतरी गुपचूप नेलेल्या असतात, बहुतेक ज्यांना खालपर्यंत उतरता येत नाही अशा कुणा आजीआजोबांसाठी, दारात नाहीतर जिन्यात बसून बघता यावं म्हणून. शोधायला कुणी निघालं की तूही जा बरोबर. कुठे सापडल्या आणि त्यांच्यावर कोण बसलेलं होतं, ते मला रविवारी कळव.

तुझा,
काका